नट सुटला तर फटाके, गावचा पोरगा सुटला तर शंका

विश्लेषण । हट्टा (जि. बालाघाट)

कोर्टातून एखादा मोठा माणूस सुटल्याची बातमी मोबाइलवर आली की हट्ट्यात चहाच्या टपरीवर दुसरा खटला सुरू होतो. त्याला वकील लागत नाही, साक्षीदार लागत नाही. एक जण म्हणतो, "पैसा बोलला बाप्पा, दुसरं काय!" दुसरा म्हणतो, "अरे, होताच निर्दोष. उगाच अडकवला होता." तिसरा, बहुतेक वयानं मोठा, कप खाली ठेवत विचारतो, "मंग गाडी काय आपोआप चालली?" हा तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. पण तोवर पहिल्या दोघांची जुंपलेली असते.

त्याच टपरीवर एक पोरगा बसलेला असतो, तो या चर्चेत तोंड उघडत नाही. त्याचं नाव देत नाही, कारण तशी पोरं सीमेच्या दोन्ही अंगाला आहेत, बालाघाटातही आणि गोंदियातही. धुऱ्यावरून दोन घरांत भांडण झालं, काठ्या निघाल्या, रिपोर्ट झाला. त्यात याचंही नाव घातलं गेलं. चारेक वर्षं तारखा झाल्या. शेवटी दोन्ही घरं समजली, फिर्यादीकडचे साक्षीदार कोर्टात फिरले आणि हा सुटला. निकालाच्या कागदावर शब्द आले, 'संदेह का लाभ'. मग वर्दीच्या भरतीत धावला, पेपर काढला, यादीत नाव आलं आणि चरित्र सत्यापनात अडकलं. "सुटलो ना भाऊ, तर मंग आता काहून?" असं तो विचारतो.

मुंबईतला नट सुटला की त्याच्या दारात फटाके फुटतात, पुढच्या शुक्रवारी सिनेमा लागतो. हट्ट्यातला पोरगा सुटला की त्याच्यामागं एक शंका कायमची लागते. कायद्यात दोघांचाही निकाल एकच आहे. मग फरक कुठून आला? तो आपल्या भाषेतून आणि आपल्या अर्धवट वाचनातून आला आहे. गेल्या काही वर्षांतले गाजलेले निकाल समोर ठेवून हे तपासायला हवं.

एक शब्द, चार अर्थ

आपण सीमेवरची माणसं दोन भाषांत कोर्ट बघतो. हट्ट्याची केस बालाघाटला चालते, कागद हिंदीत येतो. पलीकडे गोंदियात तोच कागद मराठीत किंवा इंग्रजीत येतो. अपिलाला बालाघाटवाल्यांना जबलपूर गाठावं लागतं, गोंदियावाल्यांना नागपूर. १९५६ साली राज्यांची फेररचना होईपर्यंत दोघांचंही उच्च न्यायालय नागपुरातच होतं, ही गोष्ट जुनी माणसं अजून सांगतात. मामाची केस एका राज्यात आणि भाच्याची दुसऱ्या, असं आपल्याकडे सर्रास होतं. त्यामुळे शब्दांचा घोळही आपल्याकडेच जास्त.

'सुटला' हा आपला एकच शब्द चार वेगवेगळ्या गोष्टींना लागतो.

पहिली, जामीन. माणूस तुरुंगाबाहेर आला, पण खटला तसाच चालू आहे. दुसरी, तपास बंद होणं. पोलिसांना पुरावा मिळाला नाही किंवा तक्रार खोटी निघाली, तर ते न्यायालयात तसा अहवाल देतात. मध्य प्रदेशात त्याला खात्मा किंवा खारिजी म्हणतात, महाराष्ट्रात ए, बी किंवा सी समरी. 'क्लीन चिट' हा पेपरवाल्यांचा लाडका शब्द बहुतेक वेळा इथलाच असतो. कायद्याच्या पुस्तकात तो नाही. तिसरी, आरोप निश्चित होण्याआधीच आरोपीला सोडणं, हिंदी कागदात त्याला उन्मोचन म्हणतात. चौथी, पूर्ण खटला चालून दोषमुक्त होणं. खरी सुटका ही चौथी.

या चौथ्या सुटकेचेही आपण दोन तुकडे केले आहेत. हिंदी सिनेमानं 'बाइज्जत बरी' शिकवलं आणि मराठी वर्तमानपत्रांनी 'सबळ पुराव्याअभावी निर्दोष'. एकाचा अर्थ धुतल्या तांदळासारखा, दुसऱ्याचा अर्थ केलं असेल पण सापडलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये एका पोलिस कर्मचाऱ्याच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं होतं, की 'सन्मानानं दोषमुक्त' हा प्रकार ना फौजदारी प्रक्रिया संहितेत आहे, ना दंड संहितेत. तो न्यायालयांच्या निकालांतून रूढ झालेला शब्द आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी माणूस एक तर दोषी, नाही तर दोषमुक्त. मधली खोली कायद्यानं बांधलेली नाही, ती आपण बांधली.

तेरा वर्षांचा खटला आणि न विचारलेला प्रश्न

मराठी वाचकाला सगळ्यात जास्त आठवणारी सुटका सलमान खानची. २८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे वांद्र्यात एका बेकरीसमोर फुटपाथवर झोपलेल्या माणसांवर गाडी चढली. एक जण गेला, चार जखमी झाले. ६ मे २०१५ ला मुंबईच्या सत्र न्यायालयानं सदोष मनुष्यवधासाठी पाच वर्षांची शिक्षा दिली आणि त्याच दिवशी उच्च न्यायालयातून अंतरिम जामीनही मिळाला. १० डिसेंबर २०१५ ला उच्च न्यायालयानं त्याला सर्व आरोपांतून मुक्त केलं. बाहेर चाहत्यांनी फटाके फोडले. बाकी देशात एकच वाक्य फिरत होतं, पैसेवाल्यांना वेगळा कायदा.

राग खोटा नव्हता. ज्याचं माणूस फुटपाथवर मेलं त्याला कोणी काय सांगावं? पण तो निकाल शांतपणे वाचला तर त्यात दुसरीच गोष्ट दिसते. मुख्य साक्षीदार होता अंगरक्षक म्हणून सोबत असलेला पोलिस शिपाई रवींद्र पाटील. तो २००७ मध्ये वारला. खटला आधी हयगयीच्या कलमाखाली दंडाधिकाऱ्यासमोर चालला होता, नंतर मोठं कलम लागून सत्र न्यायालयात नव्यानं सुरू झाला. तोवर पाटलाची उलटतपासणी होणं शक्यच नव्हतं आणि त्याची जुनी साक्ष उच्च न्यायालयात टिकली नाही. गाडीत असलेला गायक कमाल खान याची साक्ष सरकार पक्षानं नोंदवलीच नाही, यावर न्यायालयानं बोट ठेवलं. रक्ताच्या नमुन्याच्या हाताळणीवरही शंका घेतली. गाडी तोच चालवत होता आणि तो प्यायलेला होता, हे सरकार पक्षाला संशयापलीकडे सिद्ध करता आलं नाही, असा निष्कर्ष निघाला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं.

आता टपरीवरच्या म्हाताऱ्याचा प्रश्न परत घ्या. मंग गाडी काय आपोआप चालली? या प्रश्नाचं उत्तर न्यायालयाकडे मागून उपयोग नव्हता. फौजदारी न्यायालयासमोर प्रश्न एवढाच असतो, की या माणसानं केलं हे सिद्ध झालं का. गाडी कोण चालवत होतं, हे पुराव्यानिशी शोधणं तपास यंत्रणेचं काम. तेरा वर्षं गेली, साक्षीदार मेला, महत्त्वाचा माणूस साक्षीला आणला नाही, याचा हिशेब कोणी कोणाला विचारला? आपण एक तर नटाला शिव्या दिल्या नाही तर न्यायाधीशाला. तपास करणाऱ्यांचं काय, हा प्रश्न फटाक्यांच्या धुरात गेला.

दहा दिवसांत उलटलेली मतं

लोकांची प्रतिक्रिया पुराव्यावर किती आणि ओळखीवर किती चालते, हे जुलै २०२५ मध्ये दहा दिवसांत दिसलं.

२१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयानं ११ जुलै २००६ च्या रेल्वे बॉम्बस्फोटांतल्या सर्व बारा जणांना दोषमुक्त केलं. त्या स्फोटांत १८० हून जास्त माणसं मेली होती. २०१५ मध्ये विशेष न्यायालयानं पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती. त्या बारांतला एक जण निकालाची वाट बघत २०२१ मध्ये तुरुंगातच मेला. उच्च न्यायालयाला ओळख पटवणारे साक्षीदार, कबुलीजबाब आणि जप्त केलेल्या स्फोटकांचा पुरावा, यांतलं काहीच भरवशाचं वाटलं नाही. राज्य सरकार लगेच दिल्लीला गेलं. २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं सांगितलं, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही.

मग ३१ जुलैला मुंबईच्या विशेष एनआयए न्यायालयानं २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटातल्या सातही आरोपींना सोडलं. त्यांत भोपाळच्या माजी खासदार प्रज्ञासिंह ठाकूर होत्या, लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित होते. सहा माणसं त्या स्फोटात गेली होती. इथंही न्यायालयाचं म्हणणं तेच होतं, की संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

दोन्ही खटले वेगळे, न्यायालयं वेगळी, पुरावेही वेगळे. पण सुटण्याचं कारण एका जातीचं होतं. सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही. प्रतिक्रिया मात्र बघा. पहिल्या निकालाला ज्यांनी धक्कादायक म्हटलं, त्यांतल्या अनेकांनी दुसऱ्याला सत्याचा विजय म्हटलं. पहिल्याला ज्यांनी उशिरा मिळालेला न्याय म्हटलं, त्यांतल्या अनेकांना दुसरा निकाल म्हणजे तपासाची फजिती वाटली. आपल्या गटातला सुटला तर निर्दोष, दुसऱ्या गटातला सुटला तर पुराव्याअभावी. एकाच महिन्यात तोच माणूस व्हॉट्सॲपवर दोन्ही वाक्यं लिहीत होता आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मेलेल्यांच्या घरच्यांच्या हाती दोन्हीकडे काय आलं? आपलं माणूस कोणी मारलं, याचं उत्तर इतक्या वर्षांनीही नाही. त्यांच्यासाठी हे दोन निकाल उलटसुलट नव्हते, एकसारखेच होते.

खटल्याआधीच लागलेला निकाल

काही वेळा खटला उभाच राहत नाही आणि तरी शिक्षा होते. सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर २०२० मध्ये रिया चक्रवर्तीला वाहिन्यांनी रोज संध्याकाळी दोषी ठरवलं. अमली पदार्थांच्या वेगळ्या प्रकरणात ती जवळपास महिनाभर तुरुंगात राहिली. मार्च २०२५ मध्ये सीबीआयनं मृत्यूच्या प्रकरणात तपास बंद करण्याचा अहवाल दिला. त्या अहवालाला किती तास मिळाले आणि आरोपांना किती महिने मिळाले होते, हे प्रत्येकानं आठवून बघावं. मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्येच वाहिन्यांना या खटलेबाजीबद्दल खडसावलं होतं आणि आत्महत्येच्या प्रकरणांचं वार्तांकन कसं करावं याच्या सूचनाही दिल्या होत्या.

याची छोटी आवृत्ती आपल्याकडे रोज घडते. गावात कोणाला ठाण्यात बोलावलं की संध्याकाळपर्यंत फोटोसकट ग्रुपवर 'आरोपी जेरबंद' येतं. सुटल्यावर तोच फोटो 'दोषमुक्त' लिहून परत टाकलेला कोणी पाहिला आहे का? आम्ही पोर्टलवालेही यात साव नाही. अटकेची बातमी आम्ही पहिल्या तासात देतो, सुटकेची बहुतेक वेळा देतच नाही.

तिसरा निकाल हवा का?

मोठा माणूस सुटला की एक सूचना हमखास येते. न्यायालयानं सरळ सांगावं ना, हा खरोखर निर्दोष की फक्त पुरावा कमी पडला. म्हणजे निर्दोषाची अब्रू राहील आणि बाकीच्यांना फुशारकी मारता येणार नाही. ऐकायला बरं वाटतं. पण हे करून बघितलेले देश आहेत.

स्कॉटलंडमध्ये शेकडो वर्षं तीन निकाल होते. दोषी, दोषी नाही आणि सिद्ध झालं नाही. मागच्या दोन्हींचा कायदेशीर परिणाम एकच, आरोपी मोकळा. फरक फक्त बोलण्यातला. परिणाम काय झाला? 'सिद्ध झालं नाही' असा निकाल मिळालेल्या माणसाच्या कपाळावर शिक्का राहिला आणि पीडितांनाही वाटत राहिलं की न्यायालयाला कळलं होतं, पण धीर झाला नाही. दोघंही नाखूश. शेवटी सप्टेंबर २०२५ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेनं तो तिसरा निकालच रद्द करणारा कायदा केला. इटलीतही 'पुरावा अपुरा म्हणून मुक्त' असा वेगळा प्रकार होता, तो त्यांनी १९८८ च्या नव्या प्रक्रिया संहितेत काढून टाकला.

लोकांच्या मनाप्रमाणे निकाल लावण्याचा अनुभव आपल्याकडेही आहे. १९५९ मध्ये मुंबईत नौदल अधिकारी नानावटीच्या खटल्यात शहर त्याच्या बाजूनं होतं, वर्तमानपत्रं त्याच्या बाजूनं होती. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतानं त्याला निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना तो निकाल पुराव्याशी विसंगत वाटला. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथं नानावटीला जन्मठेप झाली. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, पुढं त्याला माफी मिळाली. ज्यूरीची पद्धत आधीच आटत चालली होती, १९७३ च्या संहितेत ती उरलीच नाही. कारणं न देता 'हो' किंवा 'नाही' सांगणाऱ्या नऊ जणांऐवजी कारणं लिहून देणारा न्यायाधीश आपण पत्करला. ती कारणं आपण वाचत नाही, हा दोष पद्धतीचा म्हणायचा की आपला?

तिसरा निकाल आधीच आहे, पण गरिबासाठी

आता परत त्या पोराकडे येऊ. कायद्यात तिसरा निकाल नाही, पण नोकरीच्या फायलीत आहे. मध्य प्रदेशातल्याच पोलिस भरतीची दोन प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात गेली. एकाचा निकाल २०१८ चा, दुसऱ्याचा २०२३ चा. एका उमेदवाराची केस आपसात समझोत्यानं मिटली होती, दुसऱ्याच्या केसमध्ये साक्षीदार फिरले होते. दोघांनीही केस लपवली नव्हती. दोन्ही वेळा न्यायालय म्हणालं, की पोलिस दलात माणूस घेताना विभागाला बारकाईनं बघण्याचा अधिकार आहे आणि केवळ सुटला म्हणून नोकरीचा हक्क मिळत नाही.

या भूमिकेला कारण आहे, ते नाकारून चालणार नाही. साक्षीदार धमकावून फिरवले आणि सुटला, अशा माणसाच्या हाती उद्या बंदूक आणि वर्दी द्यायची का? आपल्या गावच्या ठाण्यात असा हवालदार आपल्यालाही नको. पण सर्वोच्च न्यायालयानंच २०१६ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठापुढं हेही सांगितलं आहे, की नियुक्ती देणाऱ्यानं प्रकरण किती गंभीर होतं, वय काय होतं, सुटका कशी झाली, हे सगळं बघून ठरवावं. तरुणपणी घोषणा दिल्या म्हणून झालेली केस आणि खुनाची केस एका मापानं मोजायची नसते. प्रत्यक्षात फायलीवर असलेला माणूस एवढं वाचतो का? 'संदेह का लाभ' हे तीन शब्द दिसले की शेरा पडतो.

इथं नट आणि पोरगा यांच्यातला फरक उघडा होतो. नटाला चारित्र्य पडताळणी लागत नाही. त्याला सिनेमा देणारा निकालपत्र मागत नाही. नेत्याला तिकीट देणारा पक्षही मागत नाही. मागितलं जातं ते शिपाई, चौकीदार, ड्रायव्हर होऊ पाहणाऱ्याला. आपण नटावर चिडून 'पुराव्याअभावी सुटला' हा शब्द जितका जोरात वापरतो, तितका तो या पोरांच्या फायलीत घट्ट बसतो. दगड वर फेकतो आणि तो आपल्याच अंगणात पडतो.

मग सुधारायचं काय?

निकालाचे प्रकार वाढवून काही साधणार नाही. सुटकेनंतर जे व्हायला हवं आणि होत नाही, तिथं लक्ष घालायला हवं. त्यातल्या बऱ्याच गोष्टींचे आदेश आधीच निघालेले आहेत.

पहिली गोष्ट, सुटकेचा हिशेब. ७ जानेवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं गुजरातमधल्या एका प्रकरणात आरोपीची सुटका कायम केली. एका लहान मुलीवर अत्याचार आणि तिचा खून, असं ते प्रकरण होतं. तपासातल्या चुका पाहून न्यायालयानं सगळ्या राज्यांच्या गृह विभागांना सांगितलं, की सुटकेचं प्रत्येक प्रकरण पोलिस आणि अभियोग विभागाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या स्थायी समितीनं तपासावं, चूक कोणाची हे ठरवावं आणि निष्काळजी अधिकाऱ्यावर कारवाई करावी. टपरीवरचा तिसरा प्रश्न विचारण्याची जागा ही आहे. आपल्या जिल्ह्यात किती सुटका झाल्या, समितीनं काय शोधलं, कोणावर जबाबदारी आली, हे बालाघाटात आणि गोंदियातही माहितीच्या अधिकारात विचारता येतं. आमदाराला सभागृहात विचारायला लावता येतं.

दुसरी, कारणं लोकांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत निकाल शक्यतो सात दिवसांत संकेतस्थळावर टाकावा असं म्हटलं आहे. त्यात एका साध्या पानाची भर पडली तर? आरोप काय होता, पुरावा काय आला, कुठं कमी पडला, एवढंच, त्या जिल्ह्याच्या भाषेत. 'संदेह का लाभ' या तीन शब्दांऐवजी ते पान फायलीत लागलं, तर पोराला आपली बाजू मांडता येईल आणि साक्षीदार फिरवणाऱ्याला त्या शब्दांआड लपताही येणार नाही.

तिसरी, साक्षीदार. आपल्याकडच्या केसेस बहुतेक इथंच मोडतात. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली, नव्या संहितेतही राज्यांनी अशी योजना आणावी असं कलम आहे. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाण्याची तरतूदही आहे. माणूस फिरला तरी वस्तू फिरत नाही, म्हणून हे महत्त्वाचं. पण त्यासाठी जिल्ह्यात तज्ज्ञ आणि गाडी दोन्ही हवीत.

चौथी, भरपाई. चुकीच्या खटल्यात वर्षं गेलेल्यांसाठी कायदा करा, असं विधी आयोगानं २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात सुचवलं. असा स्वतंत्र कायदा झालेला नाही. विनाकारण अटक घडवून आणणाऱ्याकडून मिळणाऱ्या भरपाईची मर्यादा नव्या संहितेतही एक हजार रुपयेच आहे. एका तारखेला बालाघाटला जाण्या-येण्यात, वकिलाच्या फीत आणि बुडालेल्या मजुरीत किती जातात, हे वाचकांना सांगायला नको.

आणि पाचवी गोष्ट पीडितांसाठी, कारण सुटकेच्या गोंगाटात ते सगळ्यात आधी विसरले जातात. आरोपी सुटला म्हणजे पीडिताचा हक्क संपला, असं नाही. २००९ च्या शेवटापासून पीडिताला स्वतः सुटकेविरुद्ध अपील करता येतं. खटला सुटकेत संपला तरी पुनर्वसनासाठी भरपाईची शिफारस न्यायालय करू शकतं, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येतं. मालेगावच्या निकालातही मृतांच्या घरच्यांना प्रत्येकी दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार रुपये देण्याचा आदेश होता. पैशानं माणूस परत येत नाही. पण आरोपी सुटला म्हणजे घटना घडलीच नाही असं होत नाही, एवढं तरी त्यातून मान्य होतं.

पुढच्या निकालाच्या दिवशी

आज ना उद्या आणखी एक मोठं नाव सुटेल. मोबाइल वाजेल, टपरीवर दोन गट पडतील. त्या दिवशी तीन गोष्टी विचारून बघाव्यात. सुटला म्हणजे नेमकं काय, जामीन, खात्मा की दोषमुक्ती? पुरावा कुठं कमी पडला आणि तो गोळा करणं कोणाचं काम होतं? आणि हाच निकाल माझ्या भाच्याचा असता, तर मी कोणता शब्द वापरला असता?

त्या पोराची फाईल अजून अडकलेली आहे. गोंदियाला एका दुकानात तो सध्या कामाला जातो, हट्टा रोड स्टेशनावरून सकाळची गाडी धरून. गावात त्याला कोणी विचारलं, की केसचं काय झालं, तर तो म्हणतो, "सुटलो." त्यापुढं समोरचा थोडा थांबतो. तो थांबला नाही, तर अर्धी सुधारणा तिथंच झाली असं समजा.